बुधाचा उकार

वेलांटीरावांच्या घरात पाण्याचा पेला मागितला, तरी आधी प्रश्न यायचा.

“पाणी हवंय? मिळेल. आधी सांग, ऑक्टोपसला हृदयं किती?”

“तीन. मामा, घसा सुकलाय माझा.”

“घसा थांबेल, परीक्षा थांबणार नाही. शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं?”

“एकशे सोळा. आता तरी...”

“बोलपटात सेकंदाला किती चित्रं सरकतात?”

“चोवीस! मामी, सांग ना गं याला!”

मामी आतून पेला घेऊन यायची, भाचीच्या हातात द्यायची आणि नवऱ्याकडे न बघता म्हणायची, “या घरात एकदा आग लागू दे. बंब बोलवायच्या आधी हे विचारतील, अग्निशामक यंत्रात कोणता वायू असतो.”

“कार्बन डायऑक्साइड,” वेलांटीराव लगेच उत्तर देत. टोमणा कळायला त्यांना नेहमीच थोडा उशीर होई.

वेलांटीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापून आलेला कच्चा मजकूर वाचून त्यातल्या चुका लाल शाईने दाखवायच्या, हे त्यांचं काम. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झाली, तर ती त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसे. दुकानाच्या पाट्या, औषधांच्या वेष्टनांवरच्या सूचना, दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका, काही म्हणजे काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. म्हणून सगळा छापखाना त्यांना वेलांटीराव म्हणू लागला. आधी पाठीमागे, मग तोंडावर.

छापखान्याचा मोठा आधार एकच होता, त्याने स्वतःच प्रकाशित केलेला जाडजूड सामान्यज्ञान मार्गदर्शक. पाच हजार प्रश्न, पाच हजार उत्तरं. राजे, लढाया, ग्रह, प्राणी, खेळ, सिनेमा, जगातलं सगळं त्यात एकेका ओळीत बसवलेलं. नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत तो असायचाच. मुखपृष्ठावर ठसठशीत लिहिलेलं होतं: ‘बारा आवृत्त्या, एकही चूक नाही!’ आणि आतल्या पहिल्या पानावर, अगदी तळाशी, ‘शुद्धतेची जबाबदारी’ या शब्दांपुढे वेलांटीरावांचं खरं नाव. ते नाव छापलेलं असं जगात तेवढ्या एकाच ठिकाणी होतं. प्रत्येक आवृत्ती निघाली की ते आधी तेच पान उघडून बघत.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. मजकुराच्या ओळीखाली पट्टी धरायची, एक ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. शेजारी मागची आवृत्ती उघडी. दोन्ही जुळलं की पानाच्या कोपऱ्यात शिक्का मारायचा: ‘मा. आ. प्र.’ म्हणजे मागच्या आवृत्तीप्रमाणे. हा शिक्का बसला की पान छापायला मोकळं. मागच्या आवृत्तीत तरी ते कुठून आलं, हा प्रश्न त्या पाच हजारांत नव्हता.

भाची दोन वर्षांपूर्वी शिकायला म्हणून मामाकडे आली आणि इथलीच झाली. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागासाठी आठ सहायक नेमायचे होते. तिला ती नोकरी हवी होती, आणि नुसती नोकरी म्हणून नाही. रविवारी ती तिथे जाऊन मुलांना गोष्टी वाचून दाखवायची, तेही कुणी सांगितलेलं नसताना. परीक्षा शंभर गुणांची, बरेचसे प्रश्न सामान्यज्ञानाचे. मामाने मार्गदर्शकाची कोरी प्रत तिच्या हातात ठेवली आणि रोज सकाळी चहाबरोबर प्रश्नांचा रतीब सुरू केला.

एका सकाळी तो प्रश्न आला.

“सूर्यमालेतला सर्वांत उष्ण ग्रह?”

“शुक्र.”

“चूक! बुध. सूर्याला सगळ्यांत जवळ कोण? बुध. शेकोटीला जवळ बसेल तो जास्त भाजेल, एवढं तर लहान पोरालाही कळतं.”

“नाही मामा, शुक्राभोवती दाट वातावरण असतं, त्यात उष्णता अडकते...”

“शुक्राची चांदणी म्हणतात तिला. चांदणी! चांदणीचे कधी कुणाला चटके बसलेत का?” वेलांटीराव स्वतःच्या विनोदावर मनसोक्त हसले. “पान एकशे बारा. बुध. पाठ कर.”

भाचीने कप तोंडाला लावला. मामाशी वाद घालून चहा गार होतो, एवढं सामान्यज्ञान तिने पहिल्याच महिन्यात मिळवलं होतं.

परीक्षा झाली. तीन आठवड्यांनी निकाल लागला. भाची नववी आली होती. जागा आठ. आठव्या क्रमांकापेक्षा तिला एक गुण कमी होता.

परीक्षा कार्यालयाच्या भिंतीवर निकालाबरोबर उत्तरसूचीही लागली होती. भाचीने ती तिथेच भिंतीशी उभी राहून पडताळली आणि एका उत्तरावर तिचं बोट थांबलं. खाली सूचना होती: ज्यांना हरकत घ्यायची असेल, त्यांनी उद्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत पुराव्यासह अर्ज करावा.

ती धावत ग्रंथालयात शिरली, खगोलशास्त्राचं पुस्तक काढलं आणि तडक परीक्षा कार्यालयाच्या खिडकीवर गेली. खिडकीतल्या कारकुनांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

“जाड आहे,” ते म्हणाले.

“यात शुक्र दिलंय. तुमच्या सूचीत बुध आहे.”

“असेल. पण हे पुस्तक आमच्या संदर्भांच्या यादीत नाही. यादीत मार्गदर्शक आहे. पान एकशे बारा. तिथे बुध आहे.”

“पण ते चूक आहे!”

“असेलही. मग त्या प्रकाशकाचं पत्र आणा, की आमच्या पुस्तकात चूक झाली. लगेच बदलू.”

“आणि खुद्द शुक्राने पत्र दिलं तर?”

कारकून बिलकूल हसले नाहीत. “त्यावरही शिक्का लागेल,” ते म्हणाले.

संध्याकाळी घरी तिने मामापुढे उत्तरसूचीची नक्कल ठेवली.

“नववी,” ती म्हणाली. “एका गुणाने. एकशे बारा नंबरच्या पानामुळे.”

“म्हणजे?”

“मी शुक्र लिहिलं.”

वेलांटीराव जागच्या जागी ताठ झाले. “रोज घोकून घेतलं तुझ्याकडून! पुस्तकात काय आहे?”

“बुध.”

“मग?”

“मग पुस्तक चुकलंय, मामा. मला पत्र हवंय. छापखान्याच्या कागदावर, उद्या पाचच्या आत. एवढंच लिहायचं, की उत्तर शुक्र आहे.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बारा आवृत्त्या निघाल्यात! एक चूक नाही! तुला नोकरी मिळावी म्हणून मी पुस्तक खोटं पाडू?”

“मला मिळावी म्हणून नको. चुकलंय म्हणून.”

“काही चुकलेलं नाही! बुध मी स्वतः तपासलाय. सातव्या आवृत्तीत अक्षरजुळणी करणाऱ्याने ‘बूध’ केलं होतं, दीर्घ. मी लाल शाईने ऱ्हस्व करून घेतला. मला आजही ती ओळ आठवते!”

मामी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिचा हात थांबला.

“म्हणजे तुम्ही उकार तपासलात,” ती म्हणाली. “ग्रह कुणी तपासला?”

वेलांटीरावांनी उत्तरसूची बाजूला सारली.

“ग्रह तपासणं माझं काम नाही,” ते म्हणाले. “ते संकलकांचं. ज्यांनी प्रश्न गोळा केले, त्यांचं.”

“ते कुठे असतात?”

“ते... पहिल्या आवृत्तीनंतरच वारले.”

“बरं. त्यांनी कुठून घेतलं होतं?”

“दुसऱ्या एका मार्गदर्शकातून असेल.”

“आणि त्या मार्गदर्शकाने?”

“अगं, कुणीतरी बघितलंच असेल ना!”

मामी एका मोठ्या शिवणकारखान्यात कापड बेतायचं काम करायची. कागदाचा नमुना ती कापे, तो नमुना कापडाच्या थरांवर ठेवला जाई आणि त्याबरहुकूम एकदम चारशे शर्ट कापले जात. बोलायची कमी, पण एकदा कात्री उघडली की सरळ कापत जायची.

“माझा नमुना खांद्यावर बोटभर चुकला ना,” ती म्हणाली, “तर चारशे शर्ट चुकतात. शिवणाऱ्या बायका कितीही हुशार असू देत, त्या चुकलेल्या खांद्यावर सुंदर शिवण घालतात. टाका न टाका सरळ. आणि घालणाऱ्याचा हात वर होत नाही. तो बिचारा म्हणतो, माझाच हात आखूड असेल. तुम्ही आयुष्यभर शिवण तपासलीत. चांगली तपासलीत, मी नाही म्हणत नाही. पण बेतलेलंच चुकलं असेल तर? आणि ‘कुणीतरी बघितलंच असेल’ हे प्रत्येकजण म्हणत असेल, तर बघितलं कुणी? सांगा की!”

“तुला ग्रहांमधलं काय कळतं?”

“काही नाही. म्हणून तर मी कुणाला चूक म्हणून हसत नाही.”

हा टोमणा मात्र वेलांटीरावांना लगेच कळला. ते उठले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. पण जाताना टेबलावरचं खगोलशास्त्राचं पुस्तक त्यांनी आपल्या पिशवीत टाकलं. भाचीने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

सकाळी ते छापखान्यात सगळ्यांच्या आधी पोचले. खिडकीशेजारचं आपलं टेबल पुसलं, पुस्तक उघडलं, सवयीने ओळीखाली पट्टी धरली. हेतू स्वच्छ होता: या पुस्तकाची लायकी काढायची. आणि काय सांगावं, चौथ्याच ओळीत त्यांना चुकलेली वेलांटी सापडली! पुढे आणखी एक. वेलांटीरावांना फार बरं वाटलं. ज्याला साध्या वेलांट्या धड देता येत नाहीत, तो ग्रह काय देणार?

मग त्यांनी पुढची ओळ वाचली. बुधावर वातावरण जवळजवळ नाहीच. दिवसा तो भाजून निघतो, पण रात्री ती उष्णता धरून ठेवायला त्याच्याकडे काही नसतं, तो कडाक्याचा गार पडतो. शुक्राभोवती मात्र कार्बन डायऑक्साइडचं जाड पांघरूण आहे. आत आलेली उष्णता बाहेर पडत नाही. दिवस असो की रात्र, तापमान साडेचारशे अंशांच्या वर.

त्यांनी परिच्छेद पुन्हा वाचला. पट्टी न लावता. मग छापखान्यात आलेला एक शाळेचा नकाशासंग्रह काढला, एक विज्ञानकोश काढला. दोन्हीकडे शुक्र.

या पुस्तकात दोन वेलांट्या चुकल्या होत्या आणि ग्रह बरोबर होता. आणि आपलं? आपला उकार शुद्ध, निर्दोष, लाल शाईने दुरुस्त केलेला, आणि ग्रहच चुकीचा!

त्यांनी मार्गदर्शकाची आणखी पानं उघडली. चंद्रावरून नुसत्या डोळ्यांना काय दिसतं? चीनची भिंत. त्यांनी विज्ञानकोशात पाहिलं: दिसत नाही. लाल रंग बघून कोण चिडतो? बैल. पाहिलं: बैलाला लाल रंग नीट दिसतच नाही, तो हलणाऱ्या कापडावर धावतो. संकटात वाळूत डोकं खुपसणारा पक्षी? शहामृग. पाहिलं: तो असं काही करत नाही. तिन्ही ठिकाणी शब्द बिनचूक. तिन्ही ठिकाणी कोपऱ्यात त्यांचाच शिक्का. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी जेमतेम साठ पानं चाळली, आणि हाती लागलेल्या चुका झाल्या सतरा.

आपल्या भाचीला आपण चांदणीवरून हसलो होतो, हे त्यांना तेव्हा आठवलं. या चुका आणखी किती मुलांना कुणाकुणाचं हसणं सोसून पाठ कराव्या लागल्या असतील?

ते उठले आणि मालकीणबाईंच्या खोलीत गेले.

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हुशार होत्या. चूक आहे की नाही, यावर त्यांनी वेळ घालवला नाही.

“सहा महिन्यांनी पुढची आवृत्ती येतेय,” त्या म्हणाल्या. “गुपचूप शुक्र करून टाका. बोभाटा कशाला?”

“खिडकी आज पाचला बंद होते, बाई.”

“खरं सांगा वेलांटीराव, भाची तुमची आहे म्हणून हे चाललंय ना?”

वेलांटीरावांनी क्षणभर मान खाली घातली. “हो,” ते म्हणाले. “भाची नसती, तर मी बघितलंही नसतं. बारा आवृत्त्या नाही बघितलं. लाज वाटतेय ती त्याचीच.”

मालकीणबाईंना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उगाच सारखा केला.

“ठीक आहे. छापखान्याच्या कागदावर पत्र द्या. पण सही तुमची, नावानिशी. पहिल्या पानावर जबाबदारी तुमची म्हणून छापलंय, माझी नाही. चूक मग तुमच्या नावावर जाईल. आणि उद्या बाहेर कुणी विचारलं, तर मी तुमच्याकडेच बोट दाखवणार. आहे कबूल?”

आपल्यापैकी प्रत्येकाचं असं एखादं पान असतं. कुणाचं नाव दारावरच्या पाटीवर असतं, कुणाचं वीस वर्षांच्या चांगल्या शेऱ्यात. ते पान डागाळायची वेळ आली की माणूस एकदम दूरदर्शी होतो. म्हणतो, घाई नको, बघू, पुढच्या आवृत्तीत करू. वेलांटीरावांच्याही मनात हे सगळं येऊन गेलं. मालकीणबाईंनी दिलेली पळवाट रुंद होती, आणि त्यातून जाताना त्यांना कुणी पाहिलंही नसतं.

“कबूल,” ते म्हणाले.

पत्र पाच ओळींचं झालं. आमच्या मार्गदर्शकात पान एकशे बारावर दिलेलं उत्तर चुकीचं आहे. योग्य उत्तर शुक्र. हे उत्तर मी तपासायला हवं होतं. मी तपासलं नाही. खाली सही आणि पूर्ण नाव.

पाचला वीस मिनिटं कमी असताना मामा-भाची खिडकीवर पोचले. कारकुनांनी पत्र वाचलं, शिक्का पाहिला, सही पाहिली.

“झालं,” ते म्हणाले. “आजपासून शुक्र उष्ण.”

“इतके दिवस गारच होता बिचारा,” भाची म्हणाली. या वेळी कारकून हसले.

दोन आठवड्यांनी सुधारित निकाल लागला. परीक्षेला बसलेल्या सहाशेंपैकी शुक्र लिहिणारे फक्त अकरा जण निघाले. भाचीचा एक गुण वाढला, बुध लिहिणाऱ्यांचा एक कमी झाला, आणि ती आठवी आली. बालविभागात तिची नेमणूक झाली. घरात आनंद झाला. मामीने भाचीला जवळ घेतलं, वेलांटीरावांनी नेमणुकीचं पत्र तीनदा वाचलं आणि त्यातली एकही वेलांटी दुरुस्त केली नाही. दोन चुकल्या होत्या तरी.

अशा कथा इथे संपवण्याची पद्धत आहे. पण आठ जागांवर एकजण वर आला, की एकजण खाली जातो. हे वजाबाकीचं साधं गणित आनंदाच्या भरात घरातल्या कुणालाच सुचलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी छापखान्यात एक तरुणी आली. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानाचा निळा कोट अजून अंगावर होता. तिने वेलांटीरावांचं खरं नाव घेऊन चौकशी केली. ते नाव ऐकून अर्ध्या लोकांना कळेना, की ही कुणाला शोधतेय.

वेलांटीरावांच्या टेबलावर तिने मार्गदर्शक ठेवला. त्याचे कोपरे मऊ पडले होते. आत ओळीओळीखाली तीन रंगांच्या रेघा.

“हिरवी पहिल्या वाचनाची,” ती म्हणाली. “निळी दुसऱ्या. लाल तिसऱ्या. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाठ केलं. बसमध्ये पाठ केलं. मी आठवी आले होते. मग तुमचं पत्र गेलं. आता नववी आहे.”

वेलांटीराव उभे राहिले.

“आठव्या जागेवर तुमची भाची लागली, असं ऐकलं.”

“हो,” ते म्हणाले. “भाचीच आहे माझी.”

आसपासची यंत्रं चालू होती, पण माणसं थांबली होती. मालकीणबाई आपल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मला एवढंच सांगा,” तरुणी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, ते ऐकायला जास्त जड गेलं. “यात छापलंय ते मी लिहिलं. यावर लिहिलंय, एकही चूक नाही. मग माझं काय चुकलं?”

“तुमचं काहीच चुकलं नाही,” वेलांटीराव म्हणाले. “भाचीचं उत्तर बरोबर होतं. तुमचं उत्तर माझं होतं. चुकलं माझं.”

“मग माझी जागा परत मिळेल?”

“नाही. प्रतीक्षायादीत तुम्ही पहिल्या आहात, एवढंच मला कळलं. जागा देणं माझ्या हातात नाही.”

“मग तुमच्या हातात काय आहे?” तिने मार्गदर्शक उघडला, भराभर पानं उलटली. हिरवी, निळी, लाल. हिरवी, निळी, लाल. “तीन महिन्यांनी दुसरी परीक्षा आहे. मी परत बसणार आहे. हे सगळं माझ्या डोक्यात आहे. यातलं खरं किती आणि खोटं किती? सांगा ना! तुम्हाला तर सगळं पाठ असतं म्हणे!”

सगळ्यांच्या नजरा वेलांटीरावांवर खिळल्या. ऑक्टोपसची हृदयं, युद्धाची वर्षं, सिनेमाची चित्रं, सगळं ज्यांच्या जिभेवर असे ते गृहस्थ पुस्तकाकडे बघत राहिले. साठ पानं त्यांनी पडताळली होती. पाचशेच्या वर उरली होती.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

छापखान्यात त्यांच्या तोंडून हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतःही ऐकलं नव्हतं. ते म्हटल्यावर छत कोसळत नाही, हे बघून त्यांना जरा नवल वाटलं असावं.

“पण बघून सांगतो,” ते पुढे म्हणाले. “एकेक प्रश्न. तुमच्या परीक्षेच्या आत. जे तपासलं तेवढंच खरं म्हणेन.”

“मी समोर बसणार,” तरुणी म्हणाली. “दुकान सुटल्यावर रोज येईन. तुमच्या एकट्याच्या डोळ्यांवर माझा आता भरवसा नाही.”

“माझाही नाही. बसा.”

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. मालकीणबाई दारातून आत गेल्या आणि थोड्या वेळाने विज्ञानकोशाचे उरलेले खंड स्वतः उचलून घेऊन आल्या. त्यांनी ते टेबलावर जरा आपटूनच ठेवले, पण ठेवले.

त्या तरुणीला पुढे ती नोकरी मिळाली का? हे लिहिताना तरी मिळालेली नाही. चूक कबूल केली की जग पूर्वीसारखं होतं, असं सांगणाऱ्या कथा वाचायला गोड असतात, एवढंच. शेवटी मार्गदर्शकात एकूण एकशे त्रेचाळीस चुका निघाल्या. त्यांतल्या छत्तीस त्या तरुणीने शोधल्या. विकल्या न गेलेल्या प्रत्येक प्रतीत चार पानांचं शुद्धिपत्र चिकटवलं गेलं, मुखपृष्ठावरचं ते ठसठशीत वाक्य काढून टाकलं, आणि ज्यांनी पुस्तक आधीच घेतलं होतं त्यांच्यासाठी शुद्धिपत्र वर्तमानपत्रातही छापून आलं. खाली वेलांटीरावांचं पूर्ण नाव होतं, या वेळी जरा मोठ्या अक्षरांत. तसं करा, असं त्यांनीच सांगितलं होतं.

मंडळी, आपल्यापैकी फारच थोडे जण मार्गदर्शक छापतात. पण रोज आपण सगळेच काही ना काही पुढे पाठवत असतो. कुठेतरी वाचलेलं, कुणीतरी सांगितलेलं, फोनवर आलेलं, वडीलधाऱ्यांनी ठणकावलेलं. भाषा सफाईदार असली, की ते आपल्याला खरं वाटतं. वर ज्याला ते माहीत नसेल, त्याला आपण हसतो. आणि त्या हसण्याच्या भीतीने पुढचा माणूस विचारायचं सोडून पाठ करायला लागतो! अज्ञान असं पसरतं: अडाण्यांमुळे कमी, आपल्यासारख्या खात्रीच्या माणसांमुळे जास्त.

तेव्हा सांगण्याआधी एकदा स्वतः पडताळून पाहा. माहीत नसेल, तर माहीत नाही म्हणा. आणि चुकलंच, तर जेवढ्या मोठ्या आवाजात ते सांगितलं होतं, तेवढ्याच मोठ्या आवाजात ते मागे घ्या. हळू आवाजातली दुरुस्ती फक्त आपल्यालाच ऐकू येते. ज्याचं नुकसान झालं, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.